लेझरच्या ठिणगीत ‘कोणतंही प्लास्टिक’ ओळखता येतं का?

लेझरची एक ठिणगी पाडा, निघालेल्या प्रकाशावरून कोणतंही प्लास्टिक शंभर टक्के ओळखा, वस्तूवर ओरखडाही नाही, बाकीच्या चाचण्या आता मोडीत. असा मजकूर सध्या खूप फिरतोय. ‘लिब्स’ (LIBS) नावाचं हे तंत्र खरं आहे, मोलाचं आहे. म्हणूनच त्याच्या नावावर भलतं काही खपू नये.

‘प्रत्येक प्लास्टिकचा स्वतंत्र ठसा उमटतो.’ दावा घसरतो तो इथेच. लेझरच्या झोतानं पृष्ठभागाचा अगदी सूक्ष्म भाग दहा हजार अंशांच्या आसपास तापतो आणि त्याचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा तापलेला वायू, होतो. एवढ्या उष्णतेत रेणू तुटतात. दिसतो तो मुख्यतः सुट्या अणूंचा प्रकाश, ठरावीक रंगांच्या रेषांत. २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरला याच तंत्रानं चंद्रावर गंधक सापडलं, पण गंधक हे मूलद्रव्य आहे. पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन या दोन्हींत कार्बन आणि हायड्रोजनच, तेही एकास दोन याच प्रमाणात. फरक आहे अणूंच्या मांडणीत, आणि मांडणीच तर मोडलेली असते! थोडा माग उरतो: बेंझिनची कडी असलेल्या पॉलिस्टायरीनमध्ये कार्बनच्या जोड-अणूंचे, म्हणजे दोन-दोन जुळलेल्या अणूंचे, प्रकाशपट्टे ठळक दिसतात. पण नायट्रोजनची खूण दिसली म्हणून नायलॉन म्हणाल, तर फसाल. प्लाझ्मातला कार्बन हवेतल्या नायट्रोजनशीही जुळतो आणि ३८८ नॅनोमीटर तरंगलांबीजवळ तसाच पट्टा देतो.

‘शंभर टक्के.’ ओळख पटते ती रेषांच्या तीव्रतेची गुणोत्तरं माहीत असलेल्या नमुन्यांशी संख्याशास्त्रानं ताडून. त्यामुळे अचूकतेचा आकडा त्या नमुन्यांपुरताच. रंग, खडूची भर, मळ आला की वर्णपट, म्हणजे प्रकाशाची रंगवार विभागणी, बदलतो.

‘ओरखडाही नाही.’ बारीक खड्डा पडतोच. मळक्या तुकड्यावर तर पहिले काही झोत वरचा थर काढण्यातच जातात.

‘बाकीच्या चाचण्या मोडीत.’ अवरक्त (इन्फ्रारेड) आणि रामन (विखुरलेल्या लेझर प्रकाशाचा) वर्णपट रेणूंतले बंध वाचतात, म्हणून वरची पॉलिइथिलीन-पॉलिप्रॉपिलीनची जुळी जोडी तेच वेगळी करतात. काळ्या प्लास्टिकमध्ये मात्र काजळी अवरक्त प्रकाश गिळून टाकते. तिथे प्लाझ्मा कामी येतो. आणि त्याची खरी ताकद दिसते पाइपांच्या प्लास्टिकच्या, पीव्हीसीच्या बाबतीत. पीव्हीसी आणि बाटल्यांचं प्लास्टिक पीईटी दोन्ही पाण्यात बुडतात, घनताही जवळपास सारखी. पण पीव्हीसीत क्लोरीन असतं आणि त्याची रेषा ८३७.६ नॅनोमीटरला दिसते. पुनर्वापरासाठी पीईटी वितळवताना पीव्हीसीचे थोडे तुकडे जरी राहिले, तरी त्यांतून हायड्रोजन क्लोराइड सुटून मालाची प्रत बिघडते. ते तुकडे आधीच वेचायला हे तंत्र जरूर वापरावं.