दोन वर्षांची मुदत आणि चाळीस वर्षांचा आजार

तात्यांच्या केसपेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘निवृत्त’ एवढा एकच शब्द लिहिलेला होता आणि त्याच्या खाली ‘तंबाखू : होय’ अशी नोंद होती. ॲस्बेस्टॉस या तंतुमय खनिजाच्या धुळीमुळे तात्यांना झालेल्या कर्करोगाबद्दल वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, केलेला नुकसानभरपाईचा दावा या दोन नोंदींपायी कसा अडखळतो आहे, हे मी जवळून पाहत आहे. कळवा, विटावा, ऐरोली, घणसोली या भागांत राहणाऱ्या माझ्या जुन्या सोबत्यांनी आणि त्यांच्या मुलांनी ते वाचावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तात्या आणि मी एकाच कारखान्यात होतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा तो रसायनांचा कारखाना १९९६ साली बंद झाला. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे कंपनीचे नाव मी घेत नाही. मी टाइम ऑफिसमध्ये मस्टर आणि ओव्हरटाइमचा हिशेब सांभाळत असे. तात्या १९७९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, लॅगिंगच्या कामावर लागले. वाफेच्या पाइपांतली उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्यांच्यावर जे जाड आवरण चढवतात, त्याला लॅगिंग म्हणतात. त्या काळी ॲस्बेस्टॉस मिसळलेली पांढरी पावडर बादलीत पाण्यात कालवून हातांनी पाइपावर लिंपली जाई, सांध्यांवर ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली जाई आणि वरून कापड ओढले जाई. ओल्या कामात धूळ कमी असे. खरी धूळ उडे ती शटडाऊनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवल्यावर, जेव्हा वर्षानुवर्षे वाळलेले जुने लॅगिंग छिन्नी-हातोड्याने फोडून काढले जाई. ते काम करणारी माणसे सुटीच्या भोंग्यानंतर कार्ड पंच करायला माझ्या खिडकीशी येत, तेव्हा भुवयांपर्यंत पांढरी झालेली असत, आणि नाकावर बांधलेला रुमाल हेच त्यांचे सारे संरक्षण होते. कपडे तसेच घरी जात. वहिनी ते चाळीच्या गॅलरीत झटकत आणि मग भिजवत.

२०२२ च्या जूनमध्ये तात्यांना जिना चढताना दम लागू लागला. छातीत पाणी झाले होते. आपल्याकडे छातीत पाणी म्हटले की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो, त्यामुळे त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. पण क्षयाची औषधे पाच महिने चालू राहिली, पाणी दोनदा काढले तरी पुन्हा भरले, आणि या पाच महिन्यांत ‘तुम्ही पूर्वी काय काम करत होता?’ हा प्रश्न कोणीही विचारला नाही. नोव्हेंबरमध्ये बायॉप्सी झाली आणि मेसोथेलिओमा हे नाव आम्ही प्रथम ऐकले. हा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तात्या गेले.

या रोगाचे आणि ॲस्बेस्टॉसचे नाते वैद्यकशास्त्राला कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलेले आहेत. डोळ्यांना न दिसणारे तंतू श्वासाबरोबर आत जातात, शरीर त्यांना विरघळवू शकत नाही, आणि साधारणपणे वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, रोग प्रकट होतो. तंबाखूचा मुद्दा तर येथे लागूच होत नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगात धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस एकमेकांचा धोका वाढवतात हे खरे आहे, परंतु मेसोथेलिओमा धूम्रपानाने होत नाही. तरीही समोरच्या पक्षाच्या लेखी जबाबात पहिलाच मुद्दा तंबाखूचा आहे, आणि त्याला आधार आहे तो केसपेपरवरच्या त्या एका ओळीचा.

आता कायद्याकडे येतो, कारण मला जे सांगायचे आहे ते तेथेच आहे. तात्यांचा पगार मर्यादेच्या वर गेल्याने ते ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या, बाहेर होते. जे ईएसआयमध्ये विमाधारक होते त्यांनी मालकाविरुद्ध दावा न करता ईएसआय महामंडळाकडेच मागणी करायची असते, हे अनेकांना माहीत नसते आणि त्यात बराच वेळ फुकट जातो. वहिनींचा दावा १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली आहे. तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला गेला असला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली असली, तरी आमचे प्रकरण त्याआधीचे आहे. या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हे दोन्ही व्यावसायिक रोग म्हणून स्पष्ट नोंदलेले आहेत. कलम ३ असेही सांगते की नोकरी संपल्यानंतर असा रोग झाला आणि तो त्या कामामुळेच झाला हे सिद्ध झाले, तर तो कामावरचा अपघात मानला जाईल. येथपर्यंत वाचून आमच्या जिवात जीव आला होता. पण कलम १० म्हणते की दावा अपघातापासून, किंवा मृत्यू झाल्यास मृत्यूपासून, दोन वर्षांच्या आत केला पाहिजे. काम सोडलेल्या माणसाला लक्षणे ज्या दिवशी प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा दिवस धरायचा, पण केव्हा? तर ती लक्षणे काम सोडल्यापासून दोन वर्षांत दिसली तरच.

काम सुटले १९९६ मध्ये, म्हणजे तात्यांना १९९८ पर्यंत दम लागायला हवा होता. ज्या रोगाला प्रकट व्हायला वीस ते चाळीस वर्षे लागतात, तो रोग अनुसूचीत नोंदवायचा आणि त्याची लक्षणे दोन वर्षांत दिसावीत अशी अपेक्षा ठेवायची, यात हक्क देण्याचा देखावा आहे, हक्क नाही. मुदत ओलांडल्यास पुरेसे कारण असेल तर हे दावे ऐकणारे आयुक्त विलंब माफ करू शकतात, आणि आमचे वकील त्याच तरतुदीवर भिस्त ठेवून आहेत. पण विलंब माफ करून मागावा लागतो तेव्हा तो कोणाचा तरी दोष आहे असे गृहीत धरलेले असते. तात्यांनी कोणता विलंब केला? निदान झाल्यावर आणि माणूस गेल्यावर काही महिन्यांत अर्ज दाखल झाला होता. माझे स्पष्ट मत आहे की ॲस्बेस्टॉसच्या रोगांसाठी मुदत निदानाच्या दिवसापासूनच मोजली गेली पाहिजे आणि ती विलंब माफीच्या मेहेरबानीवर अवलंबून असता कामा नये.

दुसरा अडथळा पुराव्याचा. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात मोठा निकाल दिला होता. कामगाराच्या आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे न्यायालयाने म्हटले, बाधित ठरलेल्या प्रत्येक कामगाराला एक लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षे किंवा काम सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवण्यास सांगितले. तात्यांच्या बाबतीत ही मुदत २०१९ मध्ये संपते. रोग आला २०२२ मध्ये. न्यायालयाने त्या वेळी दाखवलेली दूरदृष्टीसुद्धा या रोगाला तीन वर्षे कमी पडली. आणि नोंदी मुळात ठेवल्या होत्या का? मी त्याच इमारतीत अठरा वर्षे बसत होतो. लॅगिंगवाल्यांच्या छातीचा एक्स-रे काढल्याचे मला एकदाही आठवत नाही.

आज त्या प्लॉटवर काचेची आयटी इमारत आहे. आमची कंपनी दुसरीत विलीन झाली, ती तिसरीने घेतली, आणि तिसरीचे म्हणणे असे की तात्या ‘इन्सुलेशन विभागात’ होते याचा कोणताही कागद त्यांच्याकडे नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीवरून नोकरी सिद्ध होते, पण तीत विभाग नसतो. स्वेच्छानिवृत्तीच्या पत्रात पदनाम आहे ते ‘हेल्पर, मेंटेनन्स’ असे. वहिनींनी पत्र्याच्या पेटीतून काढून दिलेल्या बोनसच्या पावत्या, गेटपास, कँटीनची कुपने, यांतून माणूस तेथे होता हे कळते, पण तो काय श्वासात घेत होता ते कळत नाही.

आणि मग माझ्या माळ्यावरच्या डायऱ्या निघाल्या. शटडाऊनच्या दिवसांत ओव्हरटाइमचे तंटे होऊ नयेत म्हणून मी कच्ची नोंद स्वतःच्या डायरीत ठेवत असे : तारीख, नाव, कोणता प्लांट, काय काम, किती तास. १९८३ पासून पुढच्या आठ डायऱ्या शाबूत आहेत. तात्यांच्या नावापुढे ‘जुने लॅगिंग काढणे’ हे शब्द माझ्याच अक्षरात ठिकठिकाणी आहेत. त्या नोंदी करताना मी तासांखेरीज कशाचाही विचार केला नव्हता, याचे मला आज वाईट वाटते. परंतु त्याच नोंदी पुराव्यात दाखल झाल्या आहेत आणि माझी साक्ष व्हायची आहे.

त्या डायऱ्यांत आणखीही नावे आहेत, ज्यांच्यापुढे मी फक्त कंत्राटदाराचे आडनाव लिहून कंस केलेला आहे. धुळीचे सगळ्यांत वाईट काम याच माणसांकडे जाई. ती आमच्या मस्टरवर नव्हती. कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कंत्राटदाराच्या कामगाराची भरपाई मुख्य मालकाकडूनही मागता येते, हे त्यांच्यापैकी किती जणांना कोणी सांगितले असेल? बरीचशी माणसे गावी परतली, आणि गावात कोणी छातीत पाणी होऊन गेले तर ते क्षयाने गेले असेच म्हटले जाते.

रकमेविषयी थोडक्यात. १९२३ च्या कायद्याच्या सूत्रानुसार भरपाईसाठी मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते. मृत्यू झाल्यास त्याचा निम्मा भाग घेऊन वयाच्या गुणकाने गुणतात. पासष्ट व त्यापुढील वयासाठी हा गुणक ९९.३७ आहे, म्हणजे अधिकात अधिक ७ लाख ४५ हजार २७५ रुपये होतात. १९९६ चे वेतन धरावे असे समोरच्यांचे म्हणणे मान्य झाले तर ही रक्कम त्याच्या जवळपासही जाणार नाही. उपचारांवर आणि येण्याजाण्यावर जे गेले ते वेगळेच.

अशी प्रकरणे तुरळक आहेत, असे कोणी म्हणू नये. मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातील १८१ कामगारांच्या तपासणीत ४१ जणांना ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या तंतूंमुळे फुफ्फुसे घट्ट होत जाण्याचा रोग, आढळल्याचे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झालेले आहे. भरपाईची सोय करणे अशक्य आहे, असेही नाही. राजस्थानने २०१९ मध्ये धुळीमुळे होणाऱ्या फुफ्फुसरोगांसाठी धोरण आणले, त्यात रोग प्रमाणित झाल्यावर तीन लाख आणि मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात, आणि जुना मालक शोधत फिरावे लागत नाही. ब्रिटनने २०१४ च्या कायद्याने, ज्यांचा मालक किंवा त्याचा विमा सापडत नाही अशा मेसोथेलिओमाच्या रुग्णांसाठी विमा कंपन्यांच्या पैशातून योजना उभी केली. जपानने २००६ साली याहून पुढे जाऊन, कामगार नसलेल्या बाधितांनाही मदतीच्या कक्षेत घेतले. महाराष्ट्रात ठाणे-बेलापूर, वागळे इस्टेट, मुलुंड, भांडुप, अंबरनाथ येथे पिढ्यान् पिढ्या कारखाने चालले. येथे असा निधी नसावा याचे मला तरी समर्थन सापडत नाही, आणि ॲस्बेस्टॉस अजूनही आयात करून विकणाऱ्यांकडूनच तो उभा राहिला पाहिजे.

जपानचा उल्लेख मी मुद्दाम केला. वहिनी कारखान्याच्या फाटकाच्या आत कधी गेल्या नाहीत, पण सतरा वर्षे ते कपडे त्यांनी झटकले. कामगारांच्या कपड्यांवरून आलेल्या तंतूंमुळे घरच्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत. उद्या त्यांना काही झाले तर आपल्या कायद्याच्या दृष्टीने त्या कोणीही नाहीत. गेल्या महिन्यात त्यांचा एक्स-रे काढला, तो सुदैवाने स्वच्छ आला. त्या वेळी केसपेपर लिहिणाऱ्या मुलीला मी ‘गृहिणी’ या शब्दापुढे ‘पतीचे ॲस्बेस्टॉसचे कपडे १९७९ ते १९९६ धुतले’ असे लिहायला लावले. तिने काहीही न विचारता ते लिहिले.

पुढची तारीख पावसाळ्यानंतर आहे. १९८३ ते १९९० या काळात त्या पट्ट्यातल्या कोणत्याही कारखान्यात ज्यांनी शटडाऊनला लॅगिंग फोडण्याचे काम केले असेल, कायम असोत वा कंत्राटी, किंवा ज्यांच्याकडे त्या टोळीचा एखादा फोटो असेल, त्यांनी मला निरोप द्यावा. माझ्या डायरीत तुमचे नाव असेल तर त्या पानाची प्रत मी तुम्हाला देईन, आणि साक्षीसाठी ठाण्याला येण्याजाण्याचा खर्च माझा राहील.