आधी कल्याण साधावे

मी डोंबिवलीला राहतो असे मुंबईतल्या माणसाला सांगितले की तो माझ्याकडे, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या नातेवाइकाकडे पाहावे तसा पाहू लागतो. ‘रोज जाऊन-येऊन करता?’ असे तो आवाज खाली आणून विचारतो. अशा वेळी फडके रोडवरची दिवाळीची पहाट आणि 1999 साली आमच्या गावाने सुरू केलेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा यांविषयी त्याला चार शब्द सुनवावेत, असे माझ्या फार मनात येते. पण तोवर त्याचा पुढचा प्रश्न आलेला असतो. ‘बसायला मिळते का हो?’

मिळते. मात्र कसे मिळते हे परक्या माणसाला पटवणे कठीण आहे, कारण मुंबई आमच्यापासून सुमारे 48 किलोमीटरवर आहे आणि तिथे पोहोचण्यासाठी मी रोज सकाळी तिच्याकडे पाठ फिरवून कल्याणला निघतो. मुंबईहून आलेली, कल्याणला संपून तिथूनच परत फिरणारी गाडी मी डोंबिवलीला पकडतो. (कोणती, ते सांगणार नाही, आहे तेवढी गर्दी पुरे आहे.) मध्ये ठाकुर्ली येते आणि मग कल्याण येते, तिथे मी बसल्या जागेवरून हलत नाही. थोड्या वेळाने तीच गाडी मला पुन्हा डोंबिवलीला आणून सोडते. घर सोडून अर्धा तास उलटलेला असतो, रिक्षाचे पैसे खर्च झालेले असतात आणि मी जिथून निघालो होतो त्याच गावी सुखरूप पोहोचलेलो असतो. फरक एवढाच, की आता मी खिडकीशी असतो आणि माझे गाववाले दरवाजाशी. त्यांतले निम्मे ओळखीचे निघतात, म्हणून त्या स्थानकापुरते मी वर्तमानपत्र डोळ्यांच्या फार जवळ धरतो.

हा व्यवहार चोख असावा म्हणून मी पासही कल्याणपासूनचा काढतो. खिडकीवरच्या बाईंनी एकदा ‘कल्याणला राहता का?’ असे विचारले, तेव्हा मी ‘नाही, तिथे बसतो’ असे उत्तर दिले आणि त्यांनी मान वर न करता पास दिला. बहुधा त्याही डोंबिवलीच्याच असाव्यात.

कल्याणच्या लोकांना अर्थातच हे आवडत नाही. आपल्या गावाहून सुटणारी गाडी फलाटाला लागावी आणि आत आधीच डोंबिवलीकर पाय लांब करून बसलेले असावेत, हे कोणालाही झोंबणारच. एका वयस्कर गृहस्थांनी मला सरळच विचारले, ‘तुमच्या डोंबिवलीहून गाड्या सुटत नाहीत का?’ सुटतात, अवश्य सुटतात; पण त्या आमच्या फलाटाला लागतात तेव्हा त्यांत कोपर आणि दिवा इथली मंडळी आमच्यासारखीच उलटी येऊन बसलेली असतात. त्यांनाही दोष देता येत नाही, कारण तिथे भरलेल्या गाडीत शिरणे हा प्रवास नसून मल्लविद्या आहे. प्रत्येक गाव असे एकेक पाऊल मागे सरकत राहिले, तर एके दिवशी कर्जतच्या माणसाला मुंबई गाठण्यासाठी आधी पुणे गाठावे लागेल.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, तेव्हा तिच्या चौदा डब्यांत सुमारे चारशे निमंत्रित होते म्हणतात. म्हणजे डब्याला तीसही माणसे नव्हती. आज तेवढी माणसे आमच्या डब्यात दरवाजाजवळच मावतात आणि ‘जरा आत सरका’ असे एकमेकांना विनवत असतात. शिवाय त्या चारशे जणांत चौथी सीट कोणालाच ठाऊक नसणार. तिघांच्या बाकावर चौथ्याने एका मांडीपुरती जागा मिळवावी, उरलेली मांडी वाटेत अधांतरी ठेवावी आणि तरीही ‘बसून आलो’ असे घरी अभिमानाने सांगावे, ही पुढच्या पिढ्यांची कमाई आहे.

या सवयीचे परिणाम मात्र रजेच्या दिवशी भोगावे लागतात. मध्यंतरी एका रविवारी ठाण्याला लग्न होते. घरातून निघालो, गप्पांच्या ओघात मी नेहमीच्या फलाटावर गेलो, आलेल्या गाडीत चढलो आणि सौभाग्यवतीला खिडकीही मिळवून दिली. ठाकुर्ली मागे पडल्यावर तिने विचारले, ‘आपण कल्याणला का चाललो आहोत?’ ‘ठाण्याला जायला,’ असे मी म्हणालो, आणि हे वाक्य उच्चारताना मला त्यात काहीही वावगे वाटले नाही. तिने रिकाम्या डब्यावरून एकदा नजर फिरवली. त्या दिवशी मेगाब्लॉक होता, कल्याणला गाडी बराच वेळ उभी राहिली, आणि आम्ही कार्यालयात पोहोचलो तेव्हा अक्षता पडून पहिली पंगत उठत होती.

जेवण झाल्यावर आम्ही ठाणे स्थानकात आलो. डोंबिवलीकडे जाणारी गाडी आली, ती दरवाजापर्यंत भरलेली होती. मी नुसते ‘आपण असे करू, आधी दादरला...’ एवढेच म्हणालो. वळून पाहिले तर सौभाग्यवती पुलाच्या पायऱ्या चढून रिक्षा स्टँडच्या दिशेने निघाली होती.