अनुभव इतवारीत भेटते का?

गेल्या रविवारी नागपूरहून भाच्याचा फोन आला. इंजिनिअरिंग संपून त्याला आठ महिने झालेत. हिंगण्याच्या एमआयडीसीत मुलाखत होती. साहेबांनी स्पष्टच सांगितलं, "फ्रेशरला आम्ही शिकवायचं आणि वर्षभरात तो पुण्याला पळणार!" पोरगा वैतागून म्हणाला, "मामा, अनुभव काय इतवारीच्या बाजारात किलोनं भेटते का?"

हसलो, मग ओशाळलो. त्या पळणाऱ्यांतलाच मी एक. बुटीबोरीच्या एका कारखान्यात शिकलो आणि तेराव्या महिन्यात राजीनामा ठेवला. त्यामुळे मालकांचा राग मला कळतो. पण मी का गेलो? वर्ष झालं तरी पगार ट्रेनीचाच, आणि ज्याला मी मशीन दाखवत होतो त्या बाहेरून आणलेल्या 'अनुभवी' माणसाला माझ्या दुप्पट. शिवाय मूळ मार्कशीट त्यांच्या कपाटात! (ती सोडवायला वडिलांना तीन खेपा पडल्या.)

इथे जर्मनीत, स्टुटगार्टला, सगळं गोड आहे असं नाही. नोकरीच्या जाहिरातीत अनुभव इथेही मागतात. फरक एवढाच, की तो मिळवायची सोय कंपन्याच करतात. कॉलेज चालू असताना विद्यार्थी आठवड्याला 20 तासांपर्यंत पगारी काम करतात. आमच्या टेस्टिंगमध्ये नुकतीच रुजू झालेली मुलगी दोन वर्षं त्याच टेबलावर बसत होती, तिला नवखी कोण म्हणेल? आणि शाळेतून थेट आलेली पोरं तीन-साडेतीन वर्षं उमेदवारी करतात, आठवड्यातले काही दिवस कारखान्यात, उरलेले शाळेत. सुरुवातीला नुसती कानस चालवायची. उस्ताद गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरतो. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासा.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. ॲप्रेंटिस म्हणजे शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा आहे. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के ॲप्रेंटिस घ्यायचेच, असा नियम आहे. पण माझ्यासोबतच्या ॲप्रेंटिसचं वर्ष पॅकिंगचे खोके उचलण्यात गेलं. त्याला शिकवणं म्हणत नाहीत.

म्हणून हिंगण्याच्या साहेबांना माझं सांगणं आहे, फ्रेशर घ्या, आणि काम आलं की त्याच वर्षी पगार वाढवा. मार्कशीट अडकवून माणूस टिकत नाही. तरी काही जातीलच. शेजारच्या कारखान्यानं शिकवलेले तुमच्याकडेही येतातच की!

हे सगळं भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, "ते जाऊ द्या मामा, मी जर्मन शिकू काय?"

अजून उत्तर दिलेलं नाही.