घरच्या घरी टंचाई

टंचाई आपोआप येते अशी एक भोळी समजूत आहे. पाऊस पडला नाही, पीक बुडालं, मग माल कमी आला, मग भाव चढले, असं शाळेत शिकवतात. इतक्या लांबच्या गोष्टींवर विसंबून राहिलात तर तुमच्या वाट्याला टंचाई यायची कधी? पावसाची वाट बघायचं काही कारण नाही. दोन बेडरूमचा फ्लॅट, त्यात खण असलेला एक दिवाण, खात्यात थोडे पैसे आणि सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, एवढ्या भांडवलावर कुठलीही वस्तू संध्याकाळपर्यंत दुकानातून गायब करता येते.

सुरुवात निरोपापासून करावी. निरोपाला उगम नसावा. असलाच तर तो कुणाच्या तरी मेव्हण्याच्या ऑफिसातला असावा आणि मेव्हणा मंत्रालयाच्या आसपास कुठे तरी नोकरीला असावा. ‘खात्रीची बातमी आहे, पण माझं नाव नको’ हे वाक्य आलं की बातमी पक्की समजावी. खाली कुणी शहाण्याने ‘असं काही नाहीये, मी आत्ताच आणलं’ असं लिहिलं तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा. आपण खाली उतरून बघण्याआधीच ‘आमच्या कोपऱ्यावर संपलं!’ असं ठोकून द्यावं. तासाभरात ते खरंच होतं, त्यामुळे खोटं बोलल्याचं पापही लागत नाही.

वस्तू कोणती निवडायची? नवशिक्यांनी मीठ घ्यावं. नोव्हेंबर २०१६ आठवा. ८ तारखेच्या रात्री ८ वाजता ५०० आणि १००० च्या नोटा गेल्या. बँकेच्या दारात रांगा, घरात सुटे पैसे नाहीत, दूधवाल्याला द्यायला शंभराची नोट मिळेना. अशा मोक्याच्या वेळी, तीनच दिवसांनी, उत्तर प्रदेशात आणि दिल्लीत अफवा उठली की मीठ संपलं. किलोला २०० रुपये, कुठे ४०० रुपये असे आकडे फिरू लागले आणि ज्यांच्याकडे भाजीला पैसे नव्हते त्यांनी मिठाच्या पिशव्या खांद्यावर घेतल्या. भारत हा जगातल्या सर्वांत मोठ्या मीठ उत्पादकांपैकी एक. एकटा गुजरातच देशातलं बहुतेक मीठ पिकवतो. आपल्याकडेही भूगोलाच्या पुस्तकातला ७२० किलोमीटरचा किनारा आहे, मुंबईत भांडुप-मुलुंडकडे जाताना लोकलच्या खिडकीतून मिठागरं दिसतात. समुद्र आटल्याची बातमी कुठे नव्हती. पण खरा साधक असल्या तपशिलात अडकत नाही. चार माणसांच्या घराला महिन्याला किलो-दीड किलो मीठ लागतं, हा हिशेबही त्या दिवशी कुणी केला नाही. (चीनमध्ये २०११ साली जपानच्या फुकुशिमा अणुभट्टीच्या अपघातानंतर लोकांनी असंच मीठ उचललं होतं. आयोडीनने किरणोत्सर्ग पळतो म्हणे. तेव्हा न्यूनगंड बाळगायचं कारण नाही, ही कला आंतरराष्ट्रीय आहे.)

आता दुकान. मॉलमध्ये जाऊन पाच ट्रॉल्या भरण्यात मजा नाही. तिथे कुणी ओळखत नाही. गल्लीतल्या वाण्याकडे जावं. त्याच्याकडे गोदाम नसतं. साखरेचं एखादं पोतं उघडं, एखादं मागे. तेलाचे चार-सहा खोके. एजन्सीचा टेम्पो आठवड्यातून एकदा येतो आणि नेहमीचं गिऱ्हाईक किती नेतं हे त्याला पाठ असतं, म्हणून तेवढाच माल तो भरतो. ही सगळी व्यवस्था एका प्रश्नाने कोसळते. प्रश्न कसा विचारायचा ते नीट बघा.

‘शेठ, साखर आहे ना?’

‘आहे की. किती देऊ?’

‘किती आहे?’

बस्स. शेठचा हात मापावरच थांबतो. तो एकदा तुमच्याकडे बघतो, एकदा मागच्या पोत्याकडे. रांगेतल्या ज्या वहिनी अर्धा किलो पोहे आणि काडेपेटी न्यायला आल्या होत्या, त्या म्हणतात, ‘मलापण पाच किलो द्या.’ कशाची, ते त्यांनी विचारलेलं नसतं. मग शेठ दोन किलो आपल्या घरासाठी काउंटरखाली सरकवतो, आणि त्याच्या पोऱ्याने हे बघितलेलं असतं, म्हणजे बातमी आता गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोचली. दुपारी रिकाम्या फळीचा फोटो काढून ग्रुपवर टाका. खाली लिहा, ‘मी सकाळीच म्हटलं होतं.’ टेम्पो गुरुवारी येणार आहे, हे लिहू नका.

मार्च २०२० ची २४ तारीख या शास्त्रातला सुवर्णदिन मानावा लागेल. याही वेळी रात्रीचे ८. मध्यरात्रीपासून २१ दिवस घराबाहेर पडायचं नाही, एकमेकांपासून लांब राहायचं, हे ऐकल्याबरोबर सगळे घराबाहेर पडले आणि एकमेकांना खेटून उभे राहिले. जीवनावश्यक वस्तू मिळत राहतील, घाबरू नका, असं त्याच रात्री सरकारने सांगितलं. सरकार घाबरू नका म्हणतंय म्हणजे काय ते समजून आपण आणखी दोन पाकिटं मॅगी घेतली. त्याआधीच मास्क आणि सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली आले होते, २०० मिलिलिटरच्या बाटलीला १०० रुपयांची मर्यादा घातली होती. त्यातल्या काही बाटल्या अजूनही घरोघर औषधांच्या डब्यात आहेत. कॅरमबोर्ड पुसायला बऱ्या पडतात.

कायद्याची भीती मनातून काढून टाका. अत्यावश्यक वस्तू कायदा १९५५ चा आहे आणि साठ्याच्या मर्यादा लागतात त्या व्यापाऱ्याला. सप्टेंबर २०१९ मध्ये कांदा चढला तेव्हा केंद्राने निर्यात बंद केली, घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटल आणि किरकोळ दुकानदाराला १०० क्विंटल अशी मर्यादा घातली. तुमच्या बाल्कनीला कुणी मर्यादा घातली? त्याच्या गोदामावर धाड पडली की आपण चहा पिता पिता ‘असंच पाहिजे या लोकांना’ म्हणायचं आणि पाय जरा जपून हलवायचे, कारण टीपॉयखाली पोतं आहे.

कांद्याचं मात्र थोडं तंत्र आहे. टिकतो तो उन्हाळ कांदा. मार्च-एप्रिलमध्ये निघतो, शेतकरी तो वारा खेळेल अशा चाळीत ठेवतो आणि दिवाळीपर्यंत थोडा थोडा काढतो. तो निघतो तेव्हा लासलगावला भाव पडलेला असतो, कधी इतका की शेतकरी रस्त्यावर ओतून देतो. त्या वेळी कांदा बिलकूल घेऊ नये. त्यात थरार नाही. चाळी रिकाम्या होत आल्या, परतीच्या पावसाने नवीन पीक भिजलं आणि टीव्हीवर कांद्याच्या हाराचे विनोद सुरू झाले, की मग उठावं. तेव्हा बाजारात असतो तो लाल कांदा. पाण्याने भरलेला, पातळ सालीचा, आठ-पंधरा दिवसांत मऊ पडणारा. डिसेंबर २०१९ मध्ये तो शंभरच्या वर गेला होता. तोच पोत्याने घ्यावा आणि प्लॅस्टिकच्या टपात, झाकण लावून ठेवावा. जानेवारीत भाव उतरतो, वास चढतो. त्या वर्षी सरकारनेही तुर्कस्तान आणि इजिप्तहून कांदा मागवला होता. तो येईपर्यंत भाव उतरू लागले आणि राज्यांनी ‘आता नको’ म्हटलं. म्हणजे वेळ चुकवण्यात आपण एकटे नाही.

तूरडाळीचंही तेच. २०१५ च्या दिवाळीआधी किलोला २०० रुपये झाली तेव्हा लोकांनी वरण पातळ केलं आणि डबे भरले. त्या भावाकडे बघून शेतकऱ्याने पुढच्या हंगामात भरपूर तूर पेरली, पाऊसही झाला, आणि २०१७ मध्ये तूर खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. क्विंटलला ५०५० रुपयांचा हमीभाव होता, पण माल भरायला बारदाना नव्हता. या वेळची टंचाई गोणपाटांची होती! दुर्दैवाने आपल्या ग्रुपवर तेव्हा कुणी ‘गोणपाट संपले’ असा निरोप टाकला नाही.

माल घरी आला की तो दिवाणात. मराठी मध्यमवर्गाची सगळी दूरदृष्टी गादीखाली असते. लग्नातले स्टीलचे डबे, जुनी मासिकं, पाहुण्यांच्या रजया, आणि आता त्यांच्या मधोमध पंचवीस किलो कोलम. वर आजोबा झोपतात. तांदूळ काढायचा तर आजोबांना उठवावं लागतं, म्हणून रोजचा तांदूळ आपण दुकानातूनच आणतो. साठ्याला हात लागत नाही, तो सुरक्षित राहतो.

अगदी सुरक्षितही नाही म्हणा. साधारण पावसाळ्याच्या तोंडाला तांदळात टोके होतात. रवा चमच्याने काढायला जावं तर सगळा जाळीला लटकून वर येतो. हरभऱ्याला भोकं पडतात आणि प्रत्येक भोकाचा मालक बरणीच्या काचेवर फिरताना दिसतो. दाणे खवट, बेसन कडू. एके दिवशी ट्यूबलाइटभोवती बारीक करडे पतंग उडू लागतात आणि ‘हे आले कुठून?’ असं आपण एकमेकांना विचारतो.

आजीच्या काळी हे होत नसे, कारण आजीला टंचाई कशी करायची ते माहीत नव्हतं. ती चैत्र-वैशाखात, नवा माल बाजारात आलेला असताना, भाव उतरलेला असताना वर्षाचे गहू घ्यायची. गच्चीत ऊन द्यायची, निवडायची, चाळायची, डाळीला एरंडेल चोळायची, कडधान्याला राख लावायची, कोठीत कडुनिंबाचा पाला घालायची. तिने वर्षाचं भरलं तरी वाण्याकडे कुणाला काही कमी पडत नसे. यात कसली मर्दुमकी? शिवाय आता ते जमणारही नाही. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे असते आणि सेक्रेटरी साखरेच्या रांगेत.

परदेशातल्या आप्तांनीही मागे राहू नये. २० जुलै २०२३ ला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि अमेरिकेतल्या देशी दुकानांत सोना मसुरीसाठी झुंबड उडाली. काही दुकानांनी घरटी एकच पोतं असा नियम केला. जन्मभर आंबेमोहर आणि इंद्रायणीच्या वासाचं कौतुक सांगणारे आपले लोकही रांगेत होते, नवरा एका रांगेत, बायको दुसऱ्या, म्हणजे दोन घरं मोजली जावीत. बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली. त्यातली काही पोती अजून गॅरेजमध्ये गाडीशेजारी उभी असतील, आणि दिवाळीच्या पॉटलकला मसालेभात कोण आणणार यावर वाद होत नसेल.

एक धोक्याची सूचना. इतिहासात शिरू नका. १९७२ च्या दुष्काळात खरोखरच धान्य नव्हतं. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची, दुष्काळी कामावरच्या मजुरांना सुकडी नावाचं कोरडं खाणं. आणि मुंबईतल्या बायकांनी काय केलं? मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या पुढारी बायकांबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या आणि सगळ्यांना रास्त भावात धान्य, तेल, रॉकेल द्या म्हणून मंत्र्यांना जाब विचारला. सगळ्यांना! असली मागणी केली तर दिवाणाचा उपयोग काय? शिवाय लाटणं रस्त्यावर नेलं तर पोळ्या कशाने लाटायच्या?

आता मावशींबद्दल. तुमच्याकडे भांड्याला येतात त्या. त्या पाव लिटर तेल घेतात, तेही सुटं, दिवसाआड. साखर पाव किलो. त्यांच्याकडे दिवाण नाही, असता तर त्यात झोपायला जागा केली असती. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा आहे, त्याप्रमाणे त्यांच्या कुटुंबाचं नाव यादीत असेल तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, तेही मशिनवर अंगठा उमटला आणि रेंज असली तर. तुम्ही सकाळी साखर आणि तेल उचललंत, त्या संध्याकाळी कामं आटपून वाण्याकडे गेल्या. शेठ म्हणाला, ‘सुटं बंद. लिटरचं पाकीट आहे, भाव वाढलाय.’ दुसऱ्या दिवशी मावशी तुम्हाला म्हणाल्या, ‘ताई, शंभर रुपये उचल द्या, तेल लई महागलंय.’ अशा वेळी ओट्याखालच्या पंधरा लिटरच्या डब्यासमोर पाय आडवा ठेवून उभं राहावं आणि म्हणावं, ‘हो ना मावशी, लोक साठे करतात हो!’

सहा महिन्यांनी पाहुणे येणार म्हणून दिवाण उघडावा लागतो. टोके झालेला तांदूळ टाकवत नाही, आपण अन्नाला पूर्णब्रह्म मानणारे. तो ऊन न देताच दोन पिशव्यांत भरा आणि मावशींना द्या. ‘जरा पाखडून घ्या, चांगला आहे, जुना आहे, भात मोकळा होतो’ असं सांगा. शक्य असेल तर देतानाचा फोटो ग्रुपवर टाका, चेहरा नाही दिसला तरी चालेल, पिशव्या दिसाव्यात. आणि पिशव्या मात्र आठवणीने परत मागून घ्या. चांगल्या कापडाच्या आहेत, गोडेतेलाबद्दल काहीतरी कानावर येतंय.