सांध्याचा रोध बेरजेत बसत नाही

काका, नमस्कार. ग्राफीनच्या, म्हणजे एका अणूएवढ्या जाड कार्बनच्या थराच्या, नॅनोपट्ट्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की दोन पट्ट्या जोडल्या तर दोन्हींच्या रोधांची बेरीज करायची आणि मोकळं व्हायचं, सांध्याचं एवढं स्तोम कशाला? आपल्या इंदुरात राजवाड्यापाशी रस्ता अरुंद झाला की गर्दी तुंबते, तसंच हे. शिवाय सगळं संगणकावरचं, हाती काहीच नाही, असंही तुमचं म्हणणं. आयुष्यभर ट्रान्सफॉर्मर सांभाळलेल्या माणसाची शंका आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन वाटेत धडकत जातो, म्हणून तार दुप्पट लांब केली की रोध दुप्पट. आखूड, निर्दोष नॅनोपट्टीत तो धडकतच नाही. तरी रोध शून्य होत नाही. एकच चॅनल, म्हणजे इलेक्ट्रॉनला जायची एकच वाट, खुला असेल तर सुमारे १२.९ किलोओहम उरतात, आणि पट्टी दुप्पट लांब केली तरी तेवढेच! हा रोध पट्टीच्या अंगात नाही, रुंद धातूतून त्या एका चॅनलमध्ये शिरण्याचा आहे. इतक्या लहान पट्टीत इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो. मध्ये सांधा आला की अशा वहनाचं लांडाउअरचं सूत्र एवढंच विचारतं: आलेल्या लाटेचा किती हिस्सा पलीकडे गेला? निम्मा गेला तर २५.८ किलोओहम.

राजवाड्याची उपमा इथे लंगडी पडते. गर्दी फक्त रुंदी बघते, ही लाट कडेच्या अणूंची मांडणीही बघते. आर्मचेअर (खुर्चीच्या आकारासारखी अणूंची मांडणी असलेल्या) कडेच्या पट्टीची रुंदी अणूंच्या ओळींत मोजतात. ७, ८, ९ अशी रुंदी वाढवत न्या: ७ चा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला जागाच नसलेली ऊर्जेची फट, मोठा, ८ चा एकदम लहान, ९ ला तो पुन्हा वर चढतो. एका ओळीने एवढा फरक! आता ७ ला ९ जोडा. दोन्ही सेमीकंडक्टर, पण नीट जुळवून जोडल्या तर सांध्यावर, गॅपच्या आत, इलेक्ट्रॉनसाठी ऊर्जेची एक नवीच पातळी तयार होते. ती ना ७ च्या पट्टीची, ना ९ च्या. असे सांधे ओळीने ठेवले की या पातळ्या मिळून नवा बँड, म्हणजे ऊर्जेचा सलग पट्टा, होतो. कुठल्या बेरजेतून हे निघालं असतं?

आणि हे नुसतं संगणकावरचं नाही. २०१० मध्ये सोन्याच्या पृष्ठभागावर ब्रोमीनयुक्त रेणू तापवून ७ ओळींची पट्टी घडवली गेली. सांध्यावरच्या पातळ्यांचं भाकीत २०१७ चं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या आणि स्वित्झर्लंडच्या एम्पा या संशोधन संस्थेतल्या गटांनी ७-९ सांध्यांच्या साखळ्या प्रत्यक्ष बनवून दाखवल्या.

खरी अडचण वेगळी आहे. नॅनोमीटरहून अरुंद पट्टीला धातूची टोकं लावली की टोकांचाच रोध वरचढ ठरतो, आणि एकट्या सांध्यातला प्रवाह मोजणं फार जिकिरीचं होतं. टीका करायची तर तिथे करा, मीही तुमच्या बाजूने उभा राहीन.