अश्वगंधेने थायरॉईडची गोळी सुटत नाही

‘रोज रात्री दुधातून दोन चमचे अश्वगंधा घ्या, तीन महिन्यांत थायरॉईडची गोळी सुटेल. आयुर्वेदिक आहे, अपाय नाही.’ हा मेसेज घराघरांत पोचलाय, म्हणून त्यातला एकेक दावा तपासू.

‘गोळी सुटेल.’ याला पुरावा म्हणून 2018 चा एक भारतीय अभ्यास दाखवतात. तो खरा आहे. 50 जणांच्या त्या अभ्यासात रोज 600 मिलिग्रॅम मुळांचा अर्क देऊन आठ आठवड्यांत टीएसएच (थायरॉईड कमी पडला की रक्तात वाढणारं संप्रेरक) उतरलेला दिसला. पण भाग घेणाऱ्यांचा टीएसएच 4.5 ते 10 च्या दरम्यान होता, म्हणजे बिघाड सौम्य होता. चालू गोळी सोडता येते का, हे त्यात पाहिलेलंच नाही. हाशिमोटो या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईड ग्रंथीवर उलटते आणि ग्रंथीच हळूहळू निकामी होते, काहींची तर ऑपरेशनने काढलेली असते. तिथे अश्वगंधा चालना देणार तरी कशाला?

खरी फसगत इथे होते. थायरॉईडच्या गोळीतलं औषध, लेव्होथायरॉक्सिन, शरीरात निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे गोळी बंद केल्यावर सुरुवातीचे आठवडे बरे जातात आणि श्रेय चूर्णाला मिळतं. थकवा, बद्धकोष्ठ, चेहऱ्यावरची सूज मागाहून येते. गर्भवतीने गोळी सोडली तर बाळाच्या मेंदूच्या वाढीलाच धोका असतो.

गोळी चालू ठेवून वर अश्वगंधा घेतली तर? थायरॉईड संप्रेरकाचं प्रमाण वाजवीपेक्षा वाढून धडधड, हातांना कंप, झोपमोड झाल्याच्या नोंदी आहेत. डॉक्टरांना विचारून सुरू केलीच, तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी-4 (रक्तातलं थायरॉईड संप्रेरक) तपासा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते तपासणीच्या किमान दोन दिवस आधी थांबवा. नाहीतर काही लॅबच्या पद्धतींत टीएसएच खोटाच कमी दिसतो.

‘दोन चमचे’ कशाचे? मुळांच्या साध्या चूर्णाची शास्त्रोक्त मात्रा दिवसाला 3 ते 6 ग्रॅम. सपाट छोटा चमचा अंदाजे 3 ग्रॅमचा धरला, तर चूर्णाचे दोन चमचे या मर्यादेत बसतात. पण डबीत अर्काची पावडर असेल तर तेच दोन चमचे 600 मिलिग्रॅमच्या दहापट होतात! म्हणून लेबलवर ‘चूर्ण’ आहे की ‘अर्क’, ते आधी बघा. अर्क असेल तर विथॅनोलाइडची (अश्वगंधेतल्या मुख्य सक्रिय घटकांची) टक्केवारी वाचा: 600 मिलिग्रॅममध्ये 5 टक्क्यांनी 30 मिलिग्रॅम, 10 टक्क्यांनी 60. मिलिग्रॅम सारखे, मात्रा दुप्पट. पानांचा अर्क नकोच. आयुष मंत्रालयानेही 2021 मध्ये मुळंच वापरण्याचा सल्ला दिलाय.

‘अपाय नाही’ हे तर साफ चूक. अश्वगंधेनंतर यकृताला इजा होऊन कावीळ झाल्याच्या नोंदी आइसलँड, अमेरिका आणि भारतातही आहेत. प्रकार विरळा, पण बहुधा सुरू केल्यापासून 2 ते 12 आठवड्यांत दिसणारा. अंगाला खाज, गडद लघवी, पिवळे डोळे यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बंद करा आणि यकृताची तपासणी करून घ्या. गर्भवती, थायरॉईड वाढलेले आणि यकृताचे रुग्ण यांनी घेऊच नये. झोपेच्या, मधुमेहाच्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

राहिलं दूध. रात्रीच्या दुधाने काही बिघडत नाही. सकाळची थायरॉईडची गोळी मात्र उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी.