बापानं उभं कुठं राहायचं?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन आठवडे धुरळा उडालाय. पुतणीचं लग्न ठरलं, सुपारी फुटली, कार्यालयाला ॲडव्हान्सही गेला, आणि मग पोरीनं एक ओळ टाकली: 'बाबा, कन्यादान करायचं नाही. दान द्यायला मी काय वस्तू आहे?' त्यावर आत्याबाईंचे रडके बाहुले आणि एका काकांचं शास्त्रावरचं हातभर लांब फॉरवर्ड. दादा मात्र गप्प. कोल्हापुरात चप्पल लाईनला त्याचं दुकान आहे, दिवसभर गिऱ्हाइकाशी घासाघीस करणारा माणूस. इथं नुसत्या दोन निळ्या खुणा.

मी स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला असतो, त्यामुळं दोन्ही बाजूंना मी आपला वाटतो. पुतणीला वाटतं, काका तिकडचा, म्हणजे सुधारलेला. काकांना वाटतं, परदेशात राहून याला संस्कारांची किंमत कळली असणार.

मी मत द्यायचं टाळून एक जुना सिनेमा लावला. 'फादर ऑफ द ब्राइड', १९९१चा, स्टीव्ह मार्टिनचा. (याच नावाचा आधीचा १९५०चा, त्यात एलिझाबेथ टेलर नवरी.) मुलगी रोमहून परत येते आणि जेवणाच्या टेबलावर सांगते, माझं लग्न ठरलं. समोर बसलेल्या बापाला ती क्षणभर सात-आठ वर्षांची चिमुरडी दिसते. पुढं सगळी धमाल. लग्नाचा खर्च माणशी अडीचशे डॉलरवर जातो आणि बापाचं डोकं फिरतं ते सुपरमार्केटात, पावांवरून. सॉसेज आठाच्या पाकिटात आणि पाव बाराच्या, मग वरचे चार मी का घेऊ, म्हणून गडी पाकिटं फोडून जादा पाव काढायला लागतो. थेट तुरुंगात. गंमत म्हणजे हाही बाप पायताणाच्याच धंद्यातला, बुटांची कंपनी चालवणारा.

मला हसू आलं ते दादा आठवून. मागच्या महिन्यात केटररवाल्याशी तो तासभर भांडला. जिलेबी ताटाला दोन धरायच्या की तीन, यावर. फोन स्पीकरवर होता, मी इकडून ऐकत होतो. जिलेबीचं गणित त्याला कधीच अवघड नव्हतं. पण लेकीच्या लग्नात त्याला हक्कानं बोलता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं. सिनेमातल्या बापाचंही तेच. एवढा खर्च करून शेवटी गर्दीत त्याची आणि लेकीची नीट गाठही पडत नाही, ती निघून जाते. मग विमानतळावरून तिचा फोन येतो.

आता इकडची गोष्ट. स्वीडनच्या चर्चमध्ये नवरा-नवरी हातात हात घालून बरोबरच आत येतात, ही इथली रीत. बापानं लेकीला आणून जावयाच्या हाती सोपवायचं, हे इथल्या मुली अमेरिकन सिनेमातून शिकल्या, अगदी वरच्यासारख्या सिनेमांतून. २०१० साली राजकन्या व्हिक्टोरियाच्या लग्नात तिनंही बापाच्या हाताला धरून यायचं म्हटलं, तर केवढा गदारोळ! बाई म्हणजे काय हस्तांतराचा माल का, असं धर्मगुरूसुद्धा कुरकुरले. शेवटी तोड निघाली: राजानं तिला अर्ध्या वाटेपर्यंत आणलं, तिथं नवरा उभा होता, पुढं दोघं मिळून गेली.

म्हणजे आपल्या काकांचं फॉरवर्ड इथं उलटं वाचावं लागतं. इथं सोपवणं हे नवं फॅड आणि बरोबरीनं चालणं ही परंपरा.

माझ्या ऑफिसातल्या एकाच्या मुलीनं गेल्या उन्हाळ्यात हाच हट्ट केला. सहा वर्षं त्या मुलाबरोबर एका घरात राहिलेली, स्वतःच्या पगारावर, चार वर्षांचा पोरगा अंगठ्या घेऊन पुढं. बाप तिला घेऊन आला, डोळे पुसले, बसला. बिल त्या दोघांनी भरलं. बापानं फक्त वाईन आणलेली. सोपवायला हातात काही नव्हतंच, म्हणून त्या सोपवण्यानं कुणाचं काही बिघडलं नाही.

कोल्हापुरात तसं म्हणता येत नाही. आपल्याकडं दानाच्या मंत्राआधी याद्या झालेल्या असतात: मानपान, फेटे, कुणाला किती तोळे. हुंडाबंदीचा कायदा १९६१चा, पण गुजरीतल्या सराफाला विचारा लग्नसराईत काय चालतं. काका शास्त्राचं सांगतात. अलाहाबाद हायकोर्टानं २०२४ मध्येच सांगितलंय की १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात कन्यादान अत्यावश्यक विधी नाही. तेव्हा पोरीचं बरोबर आहे, आणि मी ते ग्रुपवर लिहिलं. फक्त तिलाही विचारलं, मंत्र गाळलास, यादीचं काय? त्यावर अजून उत्तर नाही.

आणि आम्ही कोल्हापूरकरांनी तरी असल्या गोष्टींना बिचकावं का? शाहू महाराजांनी संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला १९१७ला, आंतरजातीय विवाहाचा १९१९ला. स्वीडनमधल्या लग्न झालेल्या बाईवरची नवऱ्याची कायदेशीर पालकी सुटली ती १९२१पासून. महाराजांचा धाकटा मुलगा १९१८ साली शिकारीत गेला, तेव्हा त्याची बायको इंदुमतीदेवी अजून लहानच होती. महाराजांनी सुनेला कोपऱ्यात न बसवता कोल्हापूरजवळच्या सोनतळीला ठेवून शिकवलं. आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडनं २०२२ला विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव केला. एवढं पचवलेल्या गावाला एक मंत्र जड जाऊ नये.

पण दादाचं दुखणं मंत्रात नव्हतंच, हे मला उशिरा कळलं. आपल्याकडं नवरीला बोहल्यावर मामा आणतो. बाप तेव्हा बहुधा आचाऱ्याकडं असतो. त्याच्या वाट्याला येतं ते कन्यादान, हातावरून पाणी सोडायचं, तेवढाच एक क्षण लेकीचा हात हातात. तोही काढला तर त्यानं उभं कुठं राहायचं, हे आम्हा शहाण्यांपैकी कुणी विचारलं नव्हतं.

मी फोन करून त्याला राजकन्येची गोष्ट सांगितली. बराच वेळ पलीकडून नुसता दुकानातला गलका. एका गिऱ्हाइकाला तो म्हणाला, 'आठ नंबर हाय की, थांबा.' मग मला, 'ते राजाचं अर्धी वाट म्हंतोयस, ती किती फूट असंल रं?'

'का?'

'कार्यालयाचा हॉल नव्वद फुटाचा हाय. पंचेचाळीस फूट मी चालतो तिच्यासंगं. पुढचं तिची ती बघंल.' आणि जरा थांबून, 'मामाला मातर तू सांगायचं. माझ्यानं हुणार न्हाई.'